अमळनेरच्या गठ्ठ्यात आमळी

जळगावच्या नव्या पेठेत रिखबचंद शेठचा छापखाना होता, आणि त्या छापखान्यात एसीच्या खोल्या दोनच. एक शेठजींची, दुसरी गिरधर चौधरीची. मे महिन्यात बाहेर मशीनवरची माणसं बनियन पिळून खिडकीत वाळत घालायची, आणि काचेच्या दाराआड गिरधर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, गळ्याचं बटणसुद्धा लावून बसलेला असायचा. दाराबाहेर चपला काढल्याशिवाय आत पाऊल टाकायची कुणाची प्राज्ञा नव्हती. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही, असं गिरधरने एकदा सांगितलं होतं. तेव्हापासून शेठजीसुद्धा मोजडी बाहेर ठेवून आत येत.

गिरधर मूळचा बोदवडचा. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. हा बी. कॉम. झाला, टायपिंग शिकला आणि छापखान्यात कारकून म्हणून चिकटला. अठ्ठ्याऐंशी साली शेठजींनी कॉम्प्युटर घेतला तेव्हा पेठेतले लोक तो बघायला आले होते. तो चालवायला कोण शिकणार, असा प्रश्न निघाला आणि शेठजींनी गिरधरला पुण्याला पाठवलं. परत आला तो साहेब होऊनच. बोदवडला गेला की स्टेशनावर उतरल्यापासून लोक विचारायचे, "काय गिरधर, ते यंत्र काय म्हणतं?" त्याला ते फार आवडायचं.

छापखान्यातून शेठजी शेतकऱ्यांसाठी 'पाटचारी' नावाचं मासिक काढत. जळगाव-धुळ्याच्या खेड्यापाड्यांत त्याचे वर्गणीदार होते. दर महिन्याला सगळ्यांचे पत्ते चिकटपट्ट्यांवर छापायचे, गावांप्रमाणे वेगळे करायचे आणि गठ्ठे बांधून टपालात द्यायचे, हे गिरधरचं मुख्य काम. पत्ते इंग्रजी अक्षरांत भरलेले आणि भरणारे हात अनेक. त्यामुळे एकाच पिंपळनेरची चार-पाच रूपं झालेली. कुणी मधला ए गाळलेला, कुणी एकाच्या जागी दोन घातलेले. गिरधर पडद्यावर एकेक नाव वाचत खाली जायचा आणि प्रत्येकापुढे गावाचा आकडा टाकायचा. आठवडा जायचा. त्या आठवड्यात कुणी दार उघडलं तर तो नुसता हात वर करायचा, आणि माणूस पाय न वाजवता मागे फिरायचा.

त्याचं लग्न सोनगीरच्या कौतिक आबांच्या प्रमिलाशी झालं होतं. संसार बरा चालला होता. तिचा धाकटा भाऊ तोताराम धुळ्याला बी. एस्सी. झाला आणि घरी बसला. प्रमिलाने विषय काढला, "त्याला तुमच्याकडे चिकटवता आलं तर बघा ना." गिरधरला त्यात मोठेपणा वाटला. शेठजींकडे त्यानेच शब्द टाकला. हाताखाली माणूस असला म्हणजे आपण साहेब जरा आणखी पक्के होऊ, असाही हिशेब मनात होताच. ब्याण्णव साली तोताराम पत्र्याची पेटी घेऊन जळगावला आला आणि बहिणीच्या घरीच राहू लागला.

त्याच सुमारास शेठजींनी नवं मशीन घेतलं. ते युनिक्स नावाच्या प्रणालीवर चालायचं, त्याला हिरव्या अक्षरांचे दोन पडदे होते, म्हणजे दोन माणसांना एकदम बसता येई. मशीन बसवायला पुण्याहून आलेला इंजिनिअर जाताना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक देऊन गेला. गिरधरने ते कपाटात ठेवलं, कारण जुनी पद्धत नव्या मशीनवरही चालत होती. तोतारामने ते बाहेर काढलं. डबा खाताना वाचायचा, घरी न्यायचा, भाकरीचा तुकडा हातात तसाच ठेवून पान उलटायचा.

"काय कादंबरी आहे का रे?" गिरधरने हसून विचारलं.

"त्याहून भारी आहे, दाजी," तो म्हणाला आणि पुन्हा डोकं खाली घातलं.

पुढच्या अंकाच्या वेळी गिरधर नेहमीप्रमाणे आकडे टाकायला बसला. तोताराम शेजारच्या पडद्यावर होता. थोडा वेळ टकटक चालली आणि मग तो म्हणाला, "दाजी, पिंपळनेरचे मी काढले. सोनगीर, बोदवड पण निघाले. बघता का?"

गिरधरने बघितलं. पिंपळनेरची सगळी रूपं, शहाणी आणि वेडीवाकडी, एका रांगेत उभी होती.

"एकेक शोधलं?"

"नाही. एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. म्हणजे मशीनला आधीच सांगून ठेवायचं, यादीतली एकेक ओळ घे, गावाचं नाव या नमुन्यात बसतं का बघ, बसलं तर या ढिगात टाक. नमुना असा." त्याने कागदावर लिहिलं: PIMP*NER. "सुरुवात पिंप, शेवट नेर. मधल्या चांदणीचा अर्थ, इथे काहीही येऊ दे. एक अक्षर, चार अक्षरं, किंवा काहीच नाही, सगळं चालेल. आणि चांदणीऐवजी प्रश्नचिन्ह टाकलं तर एकच अक्षर, कमी नाही, जास्त नाही."

इतकं सोपं होतं ते. गिरधरने तो कागद हातात घेतला. काही अवघड, बुद्धीच्या पलीकडचं असतं तर त्याने मान तुकवली असती. पण हे त्याच्याच कपाटात, त्याच्याच किल्लीखाली पडून होतं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "पण एकदा डोळ्याखालून घालावं लागेल. मशीनवर भरवसा नको."

तेवढ्यात शेठजी आत आले. तोतारामने त्यांनाही दाखवलं. शेठजींनी बोदवडची अक्षरं स्वतः बदलून बघितली, डी आणि व्हीच्या जागा उलटसुलट करून बघितल्या, आणि मशीनने तरीही नाव ओळखलं तेव्हा लहान मुलासारखे हसले. "अरे वा! तोताराम, तू तर आमचं आठवड्याचं काम चहा निवायच्या आत केलंस!" मग जाता जाता गिरधरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "माणूस छान आणलास हां, गिरधर."

तो हात गिरधरला घरी जाईपर्यंत खांद्यावर जाणवत राहिला.

त्या दिवसापासून त्याचं मन थाऱ्यावर राहिलं नाही. आधी तोतारामची कुठलीच गोष्ट त्याला खटकत नव्हती, आता सगळ्याच खटकायला लागल्या. त्याचं शीळ घालणं, मशीनवाल्या माणसांशी चपला घालून बाहेर उभं राहून गप्पा मारणं, शेठजींनी हाक मारली की 'आलो' म्हणून धावणं. काचेच्या खोलीचं दार आता सारखं उघडं असायचं. कंपोझिटर यायचे, बाइंडर यायचे, "तोतारामभाऊ, माझ्या मेव्हण्याचं गाव काढून दाखव," म्हणायचे. गिरधर हात वर करायचा, पण ते हाताकडे बघायचेच नाहीत.

घरी तर आणखी अवघड. प्रमिला आणि तोताराम आपसात अहिराणी बोलायचे. गिरधरची बोदवडकडची बोली वेगळी, त्याला अहिराणी कळायची पण जिभेवर बसायची नाही. पूर्वी त्याला ते ऐकायला गोड वाटायचं. आता वाटायचं, आपल्याच घरात आपण परगावचे.

"भाऊ, बस आठे. कळण्याची भाकर गरम शे, आते खाई ले," प्रमिला म्हणायची आणि तव्यावरची भाकरी सरळ भावाच्या ताटात पडायची. गिरधर आपल्या ताटातल्या भाकरीला बोट लावून बघायचा. तीही गरमच असायची. पण ती दुसरी होती.

"आज शेठजींनी याचं काय कौतुक केलं, सांगितलं का याने?" तो मुद्दाम विचारायचा, प्रमिला काय म्हणते ते बघायला.

"नाही सांगितलं. काय म्हणाले?" तिचा चेहरा असा उजळायचा की गिरधरला प्रश्न विचारल्याचा पश्चात्ताप व्हायचा.

पावसाळा सरला तेव्हा तोतारामने सगळ्या गावांचे नमुने एका मोठ्या स्क्रिप्टमध्ये बसवले. ती एकदा चालवली की सगळी यादी आपोआप वेगळी होऊन पडायची. छापायला सोडण्याआधी त्याने नमुन्यांचा कागद गिरधरपुढे ठेवला. "दाजी, तुम्ही एकदा नजर टाका. गावं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत."

गिरधर वाचत गेला. अमळनेरपाशी तोतारामने लिहिलं होतं: AMAL*. लोक अमळनेरच्या शेपटीची वाट्टेल तशी वाट लावत, म्हणून त्याने शेपूट सोडूनच दिली होती. अमळनेर कसंही लिहा, सापडणार. पण गिरधरला त्या चांदणीत आणखी एक गाव दिसलं. साक्रीकडची आमळी. आपल्या लिपीत अमळनेरचा अ आणि आमळीचा आ वेगळा. इंग्रजीत दोन्हींचं तोंड एकच. आमळीचे सगळे वर्गणीदार अमळनेरच्या गठ्ठ्यात जाणार होते, धुळे जिल्ह्याच्या पार पश्चिमेकडचे लोक जळगाव जिल्ह्यात.

त्याने कागदावर बोट ठेवलं. तोंड उघडलं. समोर तोताराम स्टुलावर बसून शीळ घालत होता.

"काही आहे का, दाजी?"

"नाही," गिरधर म्हणाला. "ठीक आहे."

अंक गेले. त्या अंकात साक्रीला भरणाऱ्या कांदा शिबिराचं निमंत्रण होतं. शिबिर होऊन गेलं, आणि मग एक दिवस आमळीचे पुना पाटील, मासिकाचे तिथले प्रतिनिधी, एसटीने जळगावला येऊन छापखान्यात उभे राहिले. वयस्कर माणूस, धुळीने भरलेला. चपला न काढता सरळ काचेच्या खोलीत शिरले.

"आमना गावले एक बी अंक उना नही! बठ्ठा साक्री तालुका शिबिरले गया, आमीच घर बसनूत. वर्गणी भरी नही का आमी?"

गिरधरच्या मनात गुदगुल्या झाल्या. हाच तो क्षण. त्याने शेठजींना बोलावून आणलं, पुना पाटलांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि "हे तोतारामकडे असतं आता," असं हलक्या आवाजात सांगून बाजूला उभा राहिला.

तोतारामने पडद्यावर बघितलं. मग कपाळावर हात मारला. "अरे देवा! आमळी! बाबा, चूक माझी आहे, शंभर टक्के माझी. मी अमळनेरसाठी जाळं टाकलं आणि तुमचं गाव त्यात ओढून घेतलं." त्याने तिथल्या तिथे नमुन्यात एक अक्षर वाढवलं, AMAL*R केलं, आमळी सुटी करून दाखवली. मग पुना पाटलांना हात धरून शेजारी बसवलं, त्यांच्याच गावच्या वर्गणीदारांची नावं पडद्यावरून वाचून दाखवली आणि स्वतः सायकलवर बसवून नेऊन त्यांना शेवभाजी खाऊ घालून आला. शिबिराची माहिती वेगळी छापून द्यायचंही त्यानेच शेठजींकडून कबूल करून घेतलं. पुना पाटील रागाने आले होते, ते जाताना तोतारामच्या पाठीवरून हात फिरवून गेले.

शेठजी म्हणाले, "चूक सगळ्यांची होते. पण अशी कबूल करणारा मी पहिलाच बघितला."

गिरधर बाजूला उभा होता तो तसाच राहिला.

संध्याकाळी तोतारामने बहिणीला सगळं हसत हसत सांगितलं आणि फेरफटका मारायला गेला. प्रमिला तांदूळ निवडत होती. तिने ताट जरा उजेडाकडे सरकवलं. मग म्हणाली, "लग्नाच्या वर्षी आपण आमळीला गेलो होतो ना? कन्हैयालाल महाराजांच्या यात्रेला. माझी चप्पल तुटली होती."

"हं."

"कागद तुम्हाला दाखवला होता म्हणे त्याने."

गिरधरने पेपर उघडला. ती वर बघत नव्हती. तिची बोटं ताटातून खडे बाजूला काढत होती.

"तुम्हाला दिसलं नाही?" तिने विचारलं.

त्याने पेपरचं पान उलटलं. तिने पुन्हा विचारलं नाही. पण त्या दिवसानंतर तिने त्याला ऑफिसातलं काही विचारणंच सोडलं, आणि गिरधरच्या मनात राग वाढला तो तिच्यावर नाही, तोतारामवरच. याच्यामुळे बायकोच्या नजरेतून उतरलो, असं त्याला वाटलं.

पुढच्या वर्षी पुण्याचा इंजिनिअर मशीन तपासायला आला. तोतारामची स्क्रिप्ट त्याने बघितली, दोन-चार प्रश्न विचारले आणि विचारलं, "पुण्याला येतोस? आम्हाला अशी माणसं लागतात." शेठजींना कळलं तेव्हा ते अस्वस्थ झाले. तोताराम त्याहून जास्त. कौतिक आबा थकले होते, एकुलता एक मुलगा इतक्या लांब पाठवायला तयार नव्हते. तो गिरधरपाशी आला.

"दाजी, तुम्ही सांगाल तसं करतो. तुम्ही राहा म्हणालात तर राहतो. इथे तुम्ही आहात, अक्का आहे."

गिरधरने त्याच्याकडे बघितलं. 'राहा' हा शब्द त्याच्या तोंडातून निघालाच नसता. तो म्हणाला, "वेडा आहेस का? अशी संधी पुन्हा येत नाही. जळगावात राहून काय होणार तुझं? माझ्यासारखा पत्ते चिकटवत बसशील. आबांना मी समजावतो."

आणि खरंच रविवारी एसटीने सोनगीरला गेला. आबा ओट्यावर बसले होते, मागे किल्ल्याचा डोंगर उन्हात तापलेला. गिरधर तासभर बोलला. पुण्यातल्या नोकरीबद्दल, तोतारामच्या बुद्धीबद्दल, आपण मागे असताना म्हाताऱ्यांना काही कमी पडू देणार नाही याबद्दल. आपल्याला इतकं चांगलं बोलता येतं हे त्यालाच माहीत नव्हतं. बोलताना काही वाक्यं त्याला खरीही वाटली. आबांचे डोळे भरून आले. शेजारच्या ओट्यावरच्या झुलाल नानांना हाक मारून ते म्हणाले, "ऐक रे झुलाल, जावई म्हनतंस असा! साल्यानं भलं व्हावं म्हनीन इतला लांबून उना. पोटना पोरगा बी इतलं करत नही."

झुलाल नाना उठून आले, गिरधरचे दोन्ही हात हातात घेतले. घरात सासूने दुधात केळी कुस्करली. गिरधरने मान वर न करता वाटी रिकामी केली. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून त्याला एकच गोष्ट वाटत होती: सुटलो. आणि त्या सुटल्याची त्याला लाज वाटली, ती धुळ्यापर्यंत. पुढे झोप लागली.

तोताराम गेला. गिरधरने त्याला आपली चांगली सुटकेस दिली, स्टेशनावर हारही घातला. प्रमिला गाडी हलेपर्यंत रडत होती. परत येताना रिक्षात म्हणाली, "तुम्ही त्याच्यासाठी गेलात आबांकडे. बरं केलंत." गिरधरला वाटलं, हिला कळलेलं नाही. मग तिच्या आवाजाकडे पुन्हा लक्ष गेलं आणि वाटलं, कळलं असावं.

खोली पुन्हा त्याची झाली. दार बंद झालं, चपला बाहेर राहू लागल्या. पण थोड्याच महिन्यांत अमळनेरहून तक्रारी आल्या. काही नव्या वर्गणीदारांना अंकच जात नव्हते. शेठजी म्हणाले, "एसटीडीवरून तोतारामला फोन लाव. दोन मिनिटांचं काम असेल त्याला."

"फोनची गरज नाही," गिरधर म्हणाला. आवाज जरा चढलाच.

त्याने कपाटातून ते जाड पुस्तक काढलं. पानापानांवर तोतारामच्या पेन्सिलीच्या रेघा होत्या, त्या बघून त्याने दात खाल्ले, पण वाचलं. समजेना तेव्हा पुन्हा वाचलं. पाच-सहा गावांची खोटी यादी बनवून त्यावर चांदण्या आणि प्रश्नचिन्हं चालवून बघितली. कुठल्या नमुन्यात कोण अडकतं, कोण निसटतं, हे बघता बघता एक गंमत त्याला चढत गेली, जी आठवडाभर आकडे टाकताना कधी चढली नव्हती. आणि मग चूक सापडली. आमळी सोडवायला तोतारामने नमुन्याच्या शेवटी आर बांधला होता. पण ज्यांच्या पत्त्यात अमळनेरच्या पुढे तालुका, जिल्हा असं काही लिहिलेलं होतं, त्यांचा शेवट आरवर होत नव्हता. ते सगळे गळले होते.

गिरधरला पुस्तकात आणखी एक गोष्ट दिसली. मशीन नमुने वरून खाली तपासतं आणि पहिला जुळला की तिथेच थांबतं. म्हणजे आमळीचा नेमका नमुना आधी ठेवायचा आणि अमळनेरची सैल चांदणी त्याच्या खाली. आमळी वरच्या वर उचलली जाईल, उरलेलं सगळं अमळनेर. त्याने दोन ओळी वर-खाली केल्या. यादी बरोबर निघाली. तो खुर्चीत मागे टेकला आणि त्याच्या मनात पहिला विचार आला तो हा: तोतारामला हे सुचलं नव्हतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळे सोनगीरला जमले. अंगणात पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या, चुलीवर खापर ठेवून सासू मांडे भाजत होती. तोताराम पुण्याहून आला होता, जरा अंगाने भरलेला. गिरधरने जेवण होईपर्यंत धीर धरला. मग त्याला ओट्यावर नेलं आणि जमिनीवर खडूने नमुने लिहून सगळं समजावलं. कुठे गळती होती, कशी सापडली, ओळी वर-खाली का केल्या. सांगताना तो जमिनीकडे बघत नव्हता. तोतारामच्या चेहऱ्याकडे बघत होता. एखादी रेघ उमटते का, ओठ आवळतात का, डोळे क्षणभर दुसरीकडे वळतात का.

तोताराम उकिडवा बसून वाचत होता. मग त्याने मांडीवर थाप मारली. "दाजी! काय सुंदर केलंत हो! हे मला सुचायला पाहिजे होतं. थांबा, हे मी तिथे सगळ्यांना दाखवणार. माझ्या दाजींनी केलं म्हणून सांगणार." आणि आत वळून ओरडला, "अक्का, ये आठे, देख दाजीनी काय करं!"

त्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. आनंदाशिवाय काही नव्हतं. गिरधरने जे इतके दिवस पोटात बाळगलं होतं, ते या माणसाला ओळखीचंही नव्हतं. त्या क्षणी त्याला तोतारामचा जितका मत्सर वाटला तितका आधी कधीच वाटला नव्हता.

पुढे 'पाटचारी' बंद पडलं. शेठजींच्या मुलाने छापखाना मोडून दुकानं काढली. गिरधरने जिल्हा पेठेत घराला लागूनच दोन खोल्या घेऊन कॉम्प्युटरचा क्लास सुरू केला. लोकांच्या याद्या, पत्ते, लग्नपत्रिकांची पाकिटं अशी कामं घ्यायचा आणि शिकवायचा. शिकवायचा चांगलं. चांदणी आणि प्रश्नचिन्ह तो क्लासला येणाऱ्या पोरींना गावांच्या नावांनी समजावायचा, आणि कुणाला पटकन आलं नाही तर चिडायचा नाही. जिला सगळ्यांत पटकन यायचं, तिच्यावर मात्र कधीकधी उगाच ओरडायचा, आणि नंतर तिला दोन धडे जास्त शिकवायचा.

एकदा एका मुलीने विचारलं, "सर, तुम्ही हे कुठे शिकलात?"

"स्वतःच," गिरधर म्हणाला. "पुस्तक वाचून."

प्रमिला दारातून ट्रेमध्ये चहाचे कप घेऊन येत होती. तिने कप टेबलावर ठेवले. "पुस्तक वाचून शिकले, ते खरं आहे," ती मुलींना म्हणाली. "पण पुस्तक कपाटातून काढलं माझ्या भावाने. तो यांना आधी शिकवून गेला."

मुली गिरधरकडे बघू लागल्या. त्याने कप उचलला, फुंकर मारली, एक घोट घेतला. चहा फार गरम होता.

"हो," तो म्हणाला. "तोताराम. माझा शालक. माझ्यापेक्षा हुशार आहे."

प्रमिला अजून उभीच होती. तिने रिकामा ट्रे काखेत धरला आणि आत गेली. गिरधरने खडू घेतला आणि फळ्यावर पुढचा नमुना लिहायला सुरुवात केली. कान तापले होते, पण अक्षर नेहमीसारखं सरळ आलं.